पांढरीतला एक दिवस

संगमनेरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक मित्र आहेत. "तुम्ही अजिंठा पाहिलात, हंपी पाहिलीत, आमच्या गावाजवळचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष कधी पाहणार?" असे ते दर वर्षी विचारीत. शेवटी एका डिसेंबरात आम्ही चौघे मित्र त्यांच्याकडे जाऊन धडकलो. चौघांत एक भूगर्भशास्त्रज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि धातूंवर संशोधन करणारे आम्ही. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण कोणाचेच नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी.

सकाळी आठला जीपने निघालो. संगमनेरात म्हाळुंगी नदी प्रवरेला मिळते. शहर मागे टाकून प्रवरेच्या काठाने पूर्वेला आठ-दहा किलोमीटर गेले की जोर्वे लागते. बँकवाल्या मित्रांनी कॅमेरा गळ्यात अडकवला होता. गावाच्या कडेला, नदीच्या बाजूला शिक्षक मित्र थांबले आणि म्हणाले, "आलं."

समोर थोडी उंच, राखाडी-पांढरट मातीची जमीन. बाभळी, पलीकडे ऊस, एका बाजूला कांद्याचे वाफे. खांब नाही, भिंत नाही, कोरीव दगड नाही. बँकवाले मित्र दोन मिनिटे इकडेतिकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "अवशेष कुठे आहेत?"

"तुम्ही त्यांच्यावर उभे आहात."

त्यांचा विरस झाला आणि तो अगदी स्वाभाविक होता. आपल्याकडे अवशेष म्हणजे दगडी मंदिर, लेणे नाहीतर किल्ला. परंतु कुडाच्या आणि मातीच्या घरांत राहिलेल्या माणसांचे मागे काय उरणार? घर पडते, त्याच मातीवर नवे घर उभे राहते, चुलीतली राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडे, शेण सगळे तिथेच साठत जाते. शेकडो वर्षांनी त्याचे टेकाड होते. मराठी माणसाने या टेकाडाला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे, पांढर. पिकाऊ जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. 'समस्त पांढरी' म्हणजे सगळे गावकरी, हा प्रयोग जुन्या कागदांत सापडतो. दख्खनमध्ये प्राचीन वसाहती शोधताना पुरातत्त्वज्ञांनीही नदीकाठच्या या पांढरीच धुंडाळल्या.

जोर्व्याची ही पांढर डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या उत्खननाबरोबरच खणली. दोन्हींचा एकत्रित अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. खणलेला भाग लहान होता, पण त्यात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि बांगड्या मिळाल्या, गारगोटीसारख्या दगडाची धारदार पाती मिळाली आणि मुख्य म्हणजे तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली विशिष्ट घडणीची खापरे मिळाली. असल्या खापरांची ठिकाणे नंतर महाराष्ट्रभर सापडत गेली. आज त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. पहिल्यांदा जिथे ती नीट ओळखली गेली त्या गावाचे नाव साऱ्या संस्कृतीला मिळाले. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात भारताचा ताम्रपाषाण युगाचा इतिहास शिकवताना 'जोर्वे' हा शब्द उच्चारावा लागतो. तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० असा धरतात. काही ठिकाणी, उदाहरणार्थ घोड नदीकाठच्या इनामगावला, तिची उतरती अवस्था इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली.

हे आकडे कुठून आले, असे विद्यार्थी हमखास विचारतात. सांकलिया जोर्व्याला खणत होते तेव्हा विलर्ड लिबी यांची कार्बन-१४ ची पद्धत जेमतेम एक वर्षाची होती. त्यामुळे जोर्व्याचे वय प्रथम इतर ठिकाणच्या भांड्यांशी तुलना करून अदमासाने ठरवले गेले. त्यानंतर प्रवरेच्याच काठी, खाली नेवाशाला उत्खनन झाले, तिथल्या थरांतला कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तपासला गेला आणि काळाला आकडा मिळाला. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षांचा आहे. म्हणजे ३२०० वर्षांपूर्वी मेलेल्या लाकडात मूळ कार्बन-१४ पैकी सुमारे ६८ टक्के शिल्लक असणार. वर्गात हे गणित फळ्यावर करून घेण्याजोगे आहे.

तोवर भूगर्भवाले मित्र ओघळीत उतरले होते. पावसाच्या पाण्याने कापून काढलेल्या उभ्या काठाला त्यांनी हात लावला. संगमनेरच्या आसपास प्रवरेच्या गाळात अशा घळींचे जाळे पसरले आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला हा गाळ, त्यात पांढऱ्या चुनखडीच्या गाठी. "खाली बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा. त्यावर हा गाळ, काही हजार ते काही दशसहस्र वर्षांचा. आणि वर ही पांढर, साडेतीन हजारांची. तिन्ही एका काठात," ते म्हणाले. मग पायाशी पडलेला एक अर्धपारदर्शक दगडाचा तुकडा उचलून त्यांनी नखावर फिरवला. कॅल्सिडनी. बेसाल्टच्या पोकळ्यांत साचलेली सिलिका.

ताम्रपाषाण या जोडशब्दाचे कोडे या तुकड्यात सुटते. तांबे हाती आल्यावरही ही माणसे दगडाची पाती का वापरीत राहिली? मोहसच्या काठिण्यश्रेणीत तांबे ३ च्या आसपास येते, कॅल्सिडनी ७ च्या. कणसे कापायला, कातडे सोलायला दगडी पाते सरसच. शिवाय कॅल्सिडनी परसात आणि तांबे परमुलखात, कारण दख्खनच्या बेसाल्टात खाण काढावी एवढे तांबे नाही. ते दुरून, देवघेवीतून येई. म्हणून कुऱ्हाड आणि मणी तांब्याचे, रोजची सुरी दगडाची. आपण स्टीलच्या युगात राहतो म्हणून घरातला पोळपाट काही स्टीलचा असतोच असे नाही.

एवढ्यात शिक्षक मित्रांना ओघळीच्या तळाशी एक खापर दिसले. दोन इंच लांबीची नळी, तोंडाशी किंचित उमललेली. जोर्वे पद्धतीच्या भांड्याची ओळख पटवणारी तोटीच ती. त्यांनी ती माती झटकून नखाने टिचकवली. स्वच्छ, जवळजवळ धातूसारखा आवाज आला. कुंभाराकडे माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, त्यामागचे विज्ञान हेच आहे. भट्टीचे तापमान पुरेसे चढले तर मातीचे कण कडेकडेने वितळून एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कंपने खापरभर विनाअडथळा फिरतात. कच्च्या भाजणीत मधे पोकळ्या आणि केसासारख्या भेगा राहतात, कंपनांची ऊर्जा तिथेच जिरते आणि आवाज बद्द येतो. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली ही भांडी बनवणारा माणूस हा काम येणारा, बहुधा तेवढेच काम करणारा कारागीर असला पाहिजे. इनामगावला कुंभाराची गोल भट्टीही सापडली आहे. तांबडा रंग मातीतल्या लोहाचा. भट्टीत हवा खेळती राहिली की लोहाचा लाल ऑक्साइड तयार होतो.

तोटी शाळेत न्यावी की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. बँकवाल्यांचे म्हणणे, पुढच्या पावसात ती नदीत जाणार, त्यापेक्षा मुलांच्या हाती पडू दे. म्हणणे खोटे नव्हते. तरी फोटो काढून ती होती तिथे ठेवली. याचे कारण दुपारी दायमाबादला नीट कळणार होते.

आम्ही वर आलो तेव्हा बांधावर एक वयस्क शेतकरी उभे होते. "पाव्हणं, खापरं पाह्यला आलाय व्हय?" त्यांनी विचारले. त्यांनी चहाची व्यवस्था केली. बोलता बोलता ते म्हणाले, "ही माती लई ताकदीची. आमच्या लहानपणी लोक गाड्या भरभरून न्यायचे. शेतात टाकायला, धाब्यावर टाकायला."

आमचे शिक्षक मित्र जरा गप्प झाले. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितले, त्यांच्या आजोळी, शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात, अशीच पांढर होती. सुट्टीत मामाबरोबर बैलगाडीत बसून त्यांनी स्वतः ती माती वाहिली होती. फावड्याखाली रंगीत खापरे निघत, लहान मुले त्यांचे बिल्ले करून खेळत. एकदा तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली दोन मडकी निघाली. आत काहीतरी बारीक बारीक हाडे होती. मामाने हात जोडले आणि मडकी नदीत सोडली.

ती मडकी काय होती हे आता आपल्याला माहीत आहे. नेवासे, दायमाबाद, इनामगाव या ठिकाणी अशी पुष्कळ दफने मिळाली आहेत. मूल दगावले की त्याला घरातल्याच जमिनीखाली, तोंडाशी तोंड जोडलेल्या दोन रांजणांत ठेवून पुरीत. मोठ्या माणसांना आडवे पुरताना अनेकदा त्यांची पावले घोट्यापासून कापीत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. तो तर्कच आहे. बहुसंख्य दफने लहान मुलांची आहेत आणि या आकडेवारीवर आमचे डॉक्टर मित्र प्रथमच बोलले. लस नाही, जंतूंची कल्पना नाही, अशा कोणत्याही समाजात हे असेच दिसते आणि आपल्या पणजीच्या पिढीपर्यंत आपल्याही घरांत हेच होते, असे ते म्हणाले. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा धागासुद्धा थोडासा टिकला, कारण तांब्याच्या क्षारांनी त्याला कुजवणाऱ्या जंतूंना दूर ठेवले. तपासणीत तो रेशमाचा, कापसाचा तंतू मिसळून कातलेला असल्याचे सांगितले गेले. मूल गेले, पण त्याची माळ कोणी काढून घेतली नव्हती.

आश्वी, लोणी करीत आम्ही पूर्वेला चाललो. दोन्ही बाजूंना ऊस. इंग्रजी अमदानीत ओझरला प्रवरेवर बंधारा झाला, १९२६ मध्ये वर भंडारदरा धरण पुरे झाले आणि पर्जन्यछायेतल्या या कोरड्या पट्ट्यात पाटाचे पाणी आले. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. सांकलियांचे कुदळ-फावडे जोर्व्याला चालू होते तेव्हाच. रतनगडाच्या माथ्याकडे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि संगमनेरला पाचशेच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या फरकावर प्रवराकाठची शेती तेव्हाही उभी होती आणि आजही उभी आहे. फक्त तेव्हाचे मुख्य धान्य सातू होते. थंडीतले, कमी पाण्याचे पीक. जोडीला मसूर, कुळीथ, वाल. दुपारी झाडाखाली डबे उघडले तेव्हा पिठले-भाकरी आणि ठेचा खाताना सातूची भाकरी कशी लागत असेल, याची चर्चा झाली. शहरात वाढलेल्या दोघांना सातू म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते.

दायमाबाद हे श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या डाव्या काठावरचे उजाड गाव. इथली पांढर मोठी आणि खोल. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ती शोधली, त्यानंतर म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि साळी यांच्या हाताखाली १९७९ पर्यंत तीन वेळा उत्खनन झाले. सुमारे पाच मीटरच्या थरांत एकावर एक पाच संस्कृती निघाल्या. तळाशी सावळदा, मग उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. इ.स.पू. २२०० ते १००० असा बाराशे वर्षांचा इतिहास. हडप्पा लिपीची अक्षरे असलेल्या मुद्रा इतक्या दक्षिणेला, आपल्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, याच मातीत मिळाल्या.

पण दायमाबादचे नाव गाजले ते वेगळ्याच कारणाने. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणून काढताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतकाम, एकत्रित वजन साठ किलोच्या वर. त्या काळात या भागात असे काहीच दुसरे सापडलेले नाही.

आणि इथेच घोडे अडले. वस्तू थरातून बाहेर आल्या त्या पुरातत्त्वज्ञाच्या डोळ्यांदेखत नव्हे. त्यानंतर तिथे उत्खनन करून त्या उत्तर हडप्पा काळातल्या असाव्यात असे सांगितले गेले, मधुकर ढवळीकरांनीही शैलीवरून तोच निर्वाळा दिला. उलट धर्मपाल अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले. त्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि ताम्रपाषाणातल्या इतर वस्तूंत आर्सेनिकचे मिश्रण आढळत नाही, तेव्हा या मूर्ती बऱ्याच नंतरच्या असू शकतील. आमचा विषय धातूंचा असल्यामुळे मित्रांनी आमच्याकडे निकाल मागितला. निकाल असा की निकाल देता येत नाही. आर्सेनिक मुद्दाम मिसळलेले असू शकते, तसेच ते मूळ खनिजातूनही येते. धातू दुसऱ्या प्रदेशातल्या खाणीचा असेल तर त्याची कुंडली वेगळी निघणारच. पृथक्करण अचूक असूनही काळ सांगत नाही, आणि ब्राँझमध्ये कार्बन नाही की त्याचे वय मोजावे. काळ सांगितला असता तो भोवतीच्या मातीने, शेजारच्या खापराने, त्याच थरातल्या कोळशाच्या कणाने. ते मूळ उपटताना विस्कटले. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. त्याने वस्तू वितळवल्या नाहीत, हेच आपले भाग्य. सकाळची तोटी ओघळीत का ठेवली, हे मात्र बँकवाल्यांना इथे पटले. खरे तर ओघळीतली तोटीही थरातून निसटलेलीच होती. पण ते तेव्हा आम्ही बोललो नाही.

टेकाडावर ऊन कलत होते. डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न काढला, "एवढी वस्ती, मग ही माणसे गेली कुठे?" इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरी खोऱ्यातली बहुतेक गावे ओस पडली. ढवळीकरांनी मांडलेले उत्तर असे की पाऊस कमी होत गेला, शेती बसली आणि लोक मेंढपाळीकडे वळले. इनामगावला चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, मडक्यांवरची नक्षी हलक्या हाताची झाली. हे उत्तर अनेक वर्षे पाठ्यपुस्तकासारखे मानले गेले. त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने याच ठिकाणच्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. इनामगावच्या उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती हे तिला दिसले, पण पाऊसमान एकाएकी बिघडले होते हे तिला पटले नाही. प्रदेश आधीपासूनच कोरडा होता, माणसांची संख्या आणि जमिनीची झीज यांचा मेळ चुकला असावा, असा तिचा रोख आहे. आम्हाला दुसरे म्हणणे अधिक विचार करायला लावणारे वाटते. ज्या मडक्यांना मामांनी हात जोडले, त्यातली बारीक हाडे याच वादातला पुरावा होती.

परतताना शिक्षक मित्रांनी एक पुडी काढली. जोर्व्याला ओघळीतून वाहून आलेली चमचाभर पांढरी माती आणि दुसऱ्या पुडीत पलीकडच्या उसातली काळी, दोन्ही शेतकऱ्याला विचारून घेतलेल्या. राख, हाडे, शेण यांतला फॉस्फरस मातीला घट्ट धरून बसतो आणि हजारो वर्षे तिथेच राहतो. म्हणून तर पांढर 'ताकदीची'. प्राचीन वस्त्या फॉस्फेटवरून हुडकता येतात हे स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले. रसायनशास्त्रात आपल्याला ठाऊक असलेल्या स्वांते अऱ्हेनियस यांचे हे चिरंजीव. आमच्या खेड्यातल्या माणसाला ते ऊस न पाहताही कळले होते, असे शिक्षक मित्र म्हणाले.

संध्याकाळी सातला शाळेची प्रयोगशाळा उघडली. दहावीची पाच-सहा मुले वाट पाहत थांबली होती. गाळणकागदावर मातीची चिमूट, त्यावर सौम्य आम्लातल्या अमोनियम मॉलिब्डेटचे दोन थेंब, अर्ध्या मिनिटाने ॲस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजे क जीवनसत्त्वाचे, दोन थेंब. फॉस्फेट असेल तर निळे वलय पसरते. पांढरीभोवती गडद निळे वलय उमटले. मुले खूश. मग काळीभोवतीही निळे उमटले, फार फिके नव्हे.

आमचे सगळे विज्ञान क्षणभर बसले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, उसाला सुपर फॉस्फेट घालतात ना."

खरेच होते. तुलनेसाठी घेतलेला नमुनाच चुकीचा होता. खत न पडलेली, माणूस न राहिलेली माती हवी होती. भूगर्भवाल्या मित्रांनी खिशातून रुमाल काढला. घळीच्या काठातला, खालच्या थरातला चुनखडीची गाठ असलेला गाळाचा ढेकळा त्यांनी स्वतःसाठी आणला होता. त्यातली चिमूट कागदावर ठेवली. थेंब टाकले, चुन्यामुळे थोडा फेस आला म्हणून आम्लाचा आणखी एक थेंब टाकला. मुले वाकून पाहत राहिली. तीन मिनिटे झाली तरी कागद जवळजवळ पांढराच होता. मुलीने तिन्ही कागदांवर पेन्सिलीने नावे घातली, पांढर, ऊस, घळ, आणि ते वाळायला खिडकीत ठेवले.